पुतणीला मेडिकलसाठी टॅब घ्यायचाय, आयपॅड का सॅमसंग का शाओमी? बजेट ४० च्या आसपास

झेरॉक्सवाले_काका

नमस्कार मंडळी. मोठ्या भावाच्या मुलीचा एमबीबीएसला नंबर लागला, अंबाजोगाईला. गाव आमचं तासगावकडं, सगळ्या भावकीत ही पहिलीच डॉक्टर होणार त्यामुळं दादा सध्या हवेतच आहे. परवा त्याचा फोन, म्हणे बेदाण्याची पट्टी (विकल्याचे पैसे) आलीय, पोरीला टॅब घेऊन द्यायचाय, तू कॉम्प्युटरमधला माणूस आहेस तूच ठरव. आता मी कॉम्प्युटरमधला म्हणजे काय तर सांगलीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, बास. पण घरच्यांच्या लेखी मी नासात कामाला असल्यासारखाच.

पोरीला विचारलं तर "काका काहीही चालेल" म्हणते, म्हणजे काहीच उपयोग नाही. कॉलेज सुरू होऊन दोन आठवडे झाले, होस्टेलला आहे, दिवाळीला येईल तेव्हा हातात द्यायचा असा दादाचा बेत. काम काय तर पीडीएफ वाचणं, त्याच पीडीएफवर पेनानं लिहिणं, आकृत्या काढणं, लेक्चरची अ‍ॅप असतात ती बघणं. गेम वगैरे खेळत नाही (असं दादा म्हणतो, दादाला काय माहीत असणार). आणि साडेपाच वर्षांचा कोर्स आहे, एवढी वर्षं टिकावा असं वाटतं, हे जास्त मागणं होतंय का ते पण सांगा.

दुकानात फिरून तीन नावं काढलीत. आयपॅड, तो ए१६ चिपवाला, १२८ जीबी, ३४,९०० ला. सॅमसंगचा टॅब एस१० एफई, ४२,९९९ ला. आणि शाओमी पॅड ७, २७,९९९ ला. हे सगळे कंपनीचे लाँचचे भाव, सेलमध्ये कमीजास्त होतं ते वेगळं. दुकानातला पोरगा मला अर्धा तास प्रोसेसरचा स्कोअर सांगत होता, मी म्हणलं बाबा पोरगी त्यावर रॉकेट उडवणार नाही, तिला लिव्हरची आकृती काढायचीय, त्याचं सांग. तर गप्प.

कुणी मेडिकलवाले असतील तर प्लीज सांगा. बाकी गंमत अशी की हे टॅब आल्यापासून माझ्या दुकानातला नोट्सचा धंदा निम्म्यावर आलाय आणि आता मीच टॅब शोधत हिंडतोय.

इंटर्न_ड्युटीवर

काका अभिनंदन तुमच्या पुतणीचं आणि दादांचं. मी सध्या इंटर्नशिप करतेय, नाईटला थोडा वेळ मिळालाय म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नका. फर्स्ट इयरला अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री हे तीन मोठे विषय, आणि पहिले एकदोन महिने कुणालाच कळत नाही की आपण वाचणार कशावरून. आमच्या बॅचमध्ये पहिल्याच आठवड्यात टॅब घेतलेल्या निम्म्या पोरांचे टॅब सिरीज बघायला वापरात होते आणि अभ्यास जाडजूड पुस्तकावर, पेन्सिलनं अंडरलाइन करत. तिनं आपल्या रूममेट आणि सिनियर काय वापरतात ते बघू दे, त्यांच्या टॅबवर दहा मिनिटं लिहून बघू दे. दिवाळीचा बेत बरोबर आहे, तोपर्यंत तिला अंदाज आलेला असेल.

दुसरं, टॅबवर सगळं होणार नाही हे दादांना आधीच सांगून ठेवा. हिस्टॉलॉजीचं (ऊतींच्या अभ्यासाचं) जर्नल कागदावरच काढायचं असतं, त्यासाठी एच अँड ई पेन्सिल मिळते, एक टोक गुलाबी आणि एक जांभळं, ती झिजवत बसायचं. विद्यापीठाची थिअरी परीक्षा पण कागदावर पेनानंच, आकृती तिथंही हातानं काढायची, त्यामुळं काचेवर हात बसवून उपयोग नाही, वेळ लावून कागदावर लिहायची सवय लागते. डिसेक्शन हॉलमध्ये तर टॅब न्यायचाच नाही, हाताला फॉर्मॅलिन असतं आणि तिथं फोटो काढणं पण मना असतं.

मग टॅब कशाला? तर सिनियरच्या नोट्स, लेक्चरच्या स्लाइड, जुन्या प्रश्नपत्रिका हे सगळं टेलिग्रामवर पीडीएफमध्ये फिरतं आणि ते मोबाइलवर वाचून डोळे जातात. आणि पुढं थर्ड इयरपासून पीजीच्या (एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाच्या) तयारीची अ‍ॅप सुरू होतात, मॅरो, प्रेपलॅडर वगैरे, त्यात व्हिडिओ एका बाजूला लावून दुसऱ्या बाजूला नोट्स लिहायच्या, ते काम टॅबवर मस्त होतं. ही अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हीवर चालतात, त्यामुळं "मेडिकलला आयपॅडच लागतो" असं कुणी म्हणलं तर ते खरं नाही.

मी स्वतः आयपॅड वापरते, सेकंड इयरला घेतला. गुडनोट्समध्ये फुकटात तीनच वह्या मिळतात, पुढं पैसे भरावे लागतात हे मला घेतल्यावर कळलं. पण आयपॅडवर आधीपासून असलेलं नोट्सचं अ‍ॅप पण बरंच काम करतं. साडेपाच वर्षं टिकेल का, तर आयपॅडचं अपडेट लांब चालतं. २०१९ चा सातव्या पिढीचा आयपॅड आयपॅडओएस १८ पर्यंत गेला, आणि २०२० च्या आठव्या पिढीवर आताचं २६ पण चालतं. त्या मानानं तुमचं मागणं जास्त नाही.

टी_स्क्वेअर

काका तुम्ही भाव लिहिलेत त्यात एक गडबड आहे. आयपॅडच्या ३४,९०० मध्ये पेन नाही. सॅमसंगच्या ४२,९९९ मध्ये पेन डब्यातच आहे. अ‍ॅपलचं यूएसबी-सी वालं पेन्सिल ७,९०० ला आहे, म्हणजे आयपॅड झाला ४२,८००. म्हणजे सॅमसंगपेक्षा १९९ रुपयांनी स्वस्त. पोरीला त्यात वडापाव खाऊ घाला. शाओमीचं पेन वेगळं घ्यावं लागतं, सहा हजाराच्या आसपास, म्हणजे तो चौतीस हजाराला पडला. आता बघा तीन नावांचा हिशोब कसा बदलतो.

मी आर्किटेक्ट आहे, दिवसभर पेन चालवतो म्हणून पेनबद्दलच बोलतो. ७,९०० वाल्या पेन्सिलला प्रेशर नाही. म्हणजे दाबून काढा का हळू काढा, रेघ एकाच जाडीची येते. नुसतं अक्षर लिहायला काही फरक पडत नाही, पण आकृतीत शेडिंग करायचं, शीर बारीक आणि आर्टरी जाड दाखवायची तर दरवेळी जाडी बदलत बसावं लागतं. अ‍ॅपलच्याच पहिल्या पिढीच्या पेन्सिलला प्रेशर आहे आणि ती या आयपॅडला चालते, पण तिला चार्जिंगसाठी अ‍ॅडाप्टर लागतो आणि ती आणखी महाग, शिवाय ते छोटं अ‍ॅडाप्टर होस्टेलमध्ये हरवणार म्हणजे हरवणारच. अ‍ॅपलची पेन्सिल प्रो तर या आयपॅडला चालतच नाही, त्यासाठी एअरसारखा वरचा आयपॅड घ्यावा लागतो, एअर तर लाँचला सरळ ५९,९०० पासून.

सॅमसंगच्या एस पेनची गंमत वेगळी आहे. त्याला लिहायला चार्जिंगच लागत नाही, आत बॅटरी नको, पेनाला लागणारी वीज टॅबच्या स्क्रीनखालच्या जाळीतूनच मिळते, वॅकॉम कंपनीचं तंत्र आहे ते. महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून राहिलं तरी काढलं की चालू. प्रेशर पण आहे. माझ्या साइटवरच्या धुळीत तेच बरं पडलं.

दुकानात जाल तेव्हा एक करा. पेन हळू, अगदी गोगलगायीसारखं, फूटपट्टी धरून तिरकी रेघ ओढा. सरळ आडवी रेघ कुठलंही पेन बरी काढतं, तिरकी हळू ओढली की हलक्या पेनाची रेघ नागमोडी यायला लागते. आणि तळहात टेकवून लिहा, हात अधांतरी धरून नाही, चुकून ठिपके उठतात का ते कळेल.

बोरू_आणि_दौत

चाळीस हजारात किती वह्या येतात याचा कुणी हिशोब केला का? आम्ही पाठीवर डबा बांधून शिकलो.

इंटर्न_ड्युटीवर

काका (दुसरे), वह्या घेऊनच शिकतोय आम्ही पण, वर लिहिलंय ना पेन्सिल झिजवतो म्हणून 🙂

झेरॉक्सवाले_काका

@टी_स्क्वेअर वडापावचं पोरीला सांगितलं, हसली. पेनाचं डोक्यातच आलं नव्हतं, दुकानातल्या पोरानं पण सांगितलं नाही. म्हणजे बजेट ४० वरून ४५ वर गेलं, कव्हर आणि काच धरून. दादाला सांगतो, पट्टी चांगली आलीय म्हणून खपेल.

डिस्प्ले_फोल्डर

काका मी मोबाइल टॅब रिपेअरिंग करतो, कोल्हापूर. सगळे घेताना विचारतात, फुटल्यावर काय ते कुणी विचारत नाही, म्हणून लिहितो.

टॅब हातातून पडून फुटतो असं लोकांना वाटतं. माझ्याकडं येतात त्यातले बरेचसे उशीशेजारी ठेवून झोपलेले आणि वर बसलेले असतात. होस्टेलमध्ये कॉटवर एकावर एक तीन पोरी बसतात, चादरीखाली टॅब. कोपरा दाबला जातो आणि तिथनं काच जाते. त्यामुळं पातळ दिसणारं मॅग्नेटचं कव्हर नको, चारी कोपऱ्यांना रबर असलेलं घ्या, दिसायला बेकार असतं पण माझा धंदा बुडवतं.

आता आतली गोष्ट. हा जो साधा आयपॅड आहे त्यात वरची काच म्हणजे टच वेगळा आणि खालचा डिस्प्ले वेगळा, दोघांच्या मध्ये थोडी हवा असते. नखानं टकटक केलं की पोकळ आवाज येतो, लोक म्हणतात स्वस्त वाटतो. पण काच फुटली आणि डिस्प्ले वाचला तर नुसता टच बदलता येतो, खर्च कमी. ज्यात काच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेले असतात, आयपॅड एअर वगैरे, त्यात पूर्ण फोल्डर (काच-डिस्प्लेचा जोड) टाकावा लागतो, मग गिऱ्हाईक भाव ऐकून नवीनच घेतो म्हणतं. फक्त एक, टच कॉपी क्वालिटीचा टाकला तर बोट चालतं पण पेन्सिल मध्येच तुटक उमटते, हे शंभरातले नव्वद दुकानदार सांगणार नाहीत. लिहिणाऱ्याच्या टॅबला टच चांगलाच टाका.

सॅमसंगच्या बाजूनं पण सांगतो, एस१० एफईला पाण्याधुळीपासून बचावाचं आयपी६८ रेटिंग आहे, आयपॅडला तसं काही नाही. मेसमध्ये टेबलावर पाण्याचा ग्लास सांडणं हे रोजचं आहे.

आणि चार्जिंगला लावूनच वापरायची सवय असेल तर बॅटरी फुगते, मागचं झाकण उचललेलं माझ्याकडं महिन्याला दोनतीन येतात. सॅमसंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग आहे, पहिल्याच दिवशी चालू करा.

जुनं_ते_सोनं

एवढा खर्च कशाला, सेकंडहँड आयपॅड ९वी पिढी घ्या की, १०.२ इंच, पंधरावीसला मिळून जाईल. माझ्या भाच्याला घेतला, मस्त चालतोय.

डिस्प्ले_फोल्डर

@जुनं_ते_सोनं चालतो, पण बघून घ्या. त्याला खाली गोल बटण आहे, बोटाचा ठसा त्यातच. काच बदलताना ते मूळचं बटण नीट काढून बसवलं नाही तर ठसा कायमचा गेला, कारण ते बटण त्याच बोर्डाशी जुळवलेलं असतं, दुसरं टाकून चालत नाही. विकणाऱ्याला समोर ठशानं उघडून दाखवायला सांगा. आणि त्याच्या अकाउंटमधनं साइन आउट करून समोर रिसेट मारायला लावा, नाहीतर पुढं जाऊन लॉक लागतो आणि मग तो टॅब म्हणजे पोळपाट. चार्जिंगची पिन पण जुनी लाइटनिंगची आहे, आजकाल होस्टेलला सगळ्यांकडं सी टाइप.

प्राध्यापक_अर्धवेळ

शाओमीबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी बोलतो. पॅड ७ वापरतोय, शिकवायला आणि पेपर तपासायला. चौतीस हजारात पेनासकट एवढी चांगली स्क्रीन दुसरीकडं मिळत नाही, ११.२ इंच, ३.२के, आणि आकार ३:२, म्हणजे पानासारखा, सिनेमाच्या पट्टीसारखा नाही. कागदासारख्या खरखरीत काचेचं मॉडेल पण आहे त्यांचं, ३२,९९९ ला, ट्यूबलाइट चमकत नाही त्यावर. पण मेमरी कार्ड टाकायची सोय नाही. आणि नोट्सचं अ‍ॅप ठीकठाक आहे, सॅमसंग नोट्स किंवा गुडनोट्सच्या तोडीचं मला वाटलं नाही, मी दुसरी अ‍ॅप टाकून घेतली. माझा याआधीचा एक टॅब होता (कंपनीचं नाव नको), दीड वर्षात अपडेट बंद आणि बँकेचं अ‍ॅप चालेना, त्यामुळं आता मी टॅबकडून तीन वर्षांपेक्षा जास्त अपेक्षाच ठेवत नाही. साडेपाच वर्षं म्हणजे मला लग्नाच्या गाठीसारखं वाटतं.

टी_स्क्वेअर

अपडेटवरून आठवलं, काका, दुकानदार तुम्हाला सॅमसंगचा जुना एस९ एफई पण दाखवेल, सेलमध्ये स्वस्त असतो, पेन त्यातही डब्यात आहे. पण तो ऑक्टोबर २०२३ चा, त्याला कंपनीनं चार अँड्रॉइड अपडेट आणि पाच वर्षं सिक्युरिटी सांगितली होती, म्हणजे २०२८. पुतणीची इंटर्नशिप संपायला २०३१ उजाडेल. तीनेक वर्षं तो बिनअपडेटचा वापरायची तयारी असेल तर पैसे वाचतात, वाईट नाही.

झेरॉक्सवाले_काका

मंडळी आज दुकान दुपारी बंद ठेवून शोरूमला जाऊन आलो. खिशात माझी दुकानातली स्टीलची ३० सेंटिमीटरची पट्टी घेऊन गेलो होतो, तिथला पोरगा म्हणाला काका कव्हर शिवायचंय का. म्हणलं थांब.

माझं सगळं आयुष्य ए४ आणि ए३ मध्ये गेलं. ए३ चं ए४ करायचं तर मशीनला ७१ टक्के मारायचं, ए४ चं ए५ करायचं तरी ७१. गिऱ्हाईक म्हणतं काका दोन पानं एका पानावर बसवा, तेव्हा मी ७१ मारतो, आणि त्यातलं बारीक अक्षर वाचायला म्हातारी माणसं चष्मा शोधतात. तर म्हणलं बघू या काचेवर ए४ पान किती टक्क्यांनी दिसतं.

उभं धरून मोजलं. ए४ ची रुंदी २१ सेंटिमीटर. आयपॅडच्या स्क्रीनची रुंदी भरली १५.७, म्हणजे ७५ टक्के. सॅमसंगची १४.७, म्हणजे ७० टक्के, आमच्या ए५ पेक्षा पण केसभर कमी. शाओमीची १५.८. आणि ही १०.९ का ११.२ इंच म्हणून जी जाहिरात असते ती तिरकी मोजलेली, त्यावरून काहीच कळत नाही. सॅमसंग आणि आयपॅड दोन्ही १०.९ च, पण सॅमसंग उंच आणि बारीक, आयपॅड बुटका आणि रुंद. आयपॅडवर ए४ पान रुंदीनं लावलं तर खालीवर जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही, पूर्ण पान बसतं. सॅमसंगवर पावणेतीन सेंटिमीटर पट्टी मोकळी राहते. पोरगा म्हणाला तिथं टूलबार बसतो ना काका. बरोबर आहे त्याचं पण.

पाच टक्के म्हणजे काय असं वाटेल. मी दुकानात येऊन एकच पान ७० ला आणि ७५ ला काढून शेजारी ठेवलं, पुतणीनं पाठवलेली सिनियरची हस्तलिखित नोट होती, खांद्याच्या नसांचं जाळं का काहीतरी. ७५ चं बाणावरचं नाव वाचता आलं, ७० चं मला नाही आलं. आता माझं वय बावन्न, तिचं अठरा, त्यामुळं हा पुरावा कोर्टात टिकणार नाही हे मान्य.

तिरक्या रेघेचं पण केलं. एस पेनची रेघ सरळ आली. अ‍ॅपलची पण सरळ आली. शाओमीच्या डेमोत पेन नव्हतं. शेजारी कुठलंतरी पंधराशेचं पेन आयपॅडला जोडून ठेवलं होतं त्याची थोडी थरथरली, पण ती माझ्या हाताची पण असेल.

इंटर्न_ड्युटीवर

काका तुम्ही ग्रेट आहात, इतकी वर्षं आयपॅड वापरतेय पण पट्टीनं मोजायचं डोक्यात नाही आलं 😄 ते खांद्याच्या नसांचं जाळं म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, ते सगळ्यांनाच रडवतं, ७५ टक्क्यांत पण.

पण खरं सांगू का, आम्ही उभं धरून पूर्ण पान क्वचित वाचतो. आडवं धरतो, पान रुंदीला भरतं आणि सरकवत वाचतो, मग अक्षर कागदापेक्षा पण मोठं दिसतं. तुमचं मोजमाप महत्त्वाचं ठरतं ते लिहिताना, कारण लिहिताना सारखं झूम करून सरकवायला लागलं की वैताग येतो.

टी_स्क्वेअर

आडवं धरून अर्ध्यात व्हिडिओ अर्ध्यात वही लावली की परत गणित बदलतं. तिथं सॅमसंगची लांबी कामाला येते. काका आता आडवं पण मोजून या 🙏

जुनं_ते_सोनं

आयपॅडवर दोन खिडक्या नीट चालत नाहीत असं ऐकलंय.

इंटर्न_ड्युटीवर

जुनं झालं ते. स्प्लिट स्क्रीन तर कधीपासून आहे, आणि आयपॅडओएस २६ पासून साध्या आयपॅडवर पण लॅपटॉपसारख्या खिडक्या हव्या तशा ओढता येतात. व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं अ‍ॅप पण २०२५ च्या मे मध्ये आलं एकदाचं, त्याआधी ब्राउझरमध्ये उघडून बसायचो.

झेरॉक्सवाले_काका

दोन प्रश्न राहिले. एक, सिम टाकायचं मॉडेल घ्यावं का, आयपॅडमध्ये त्याचे पंधरा हजार जास्त सांगितले. दुसरं, १२८ जीबी पुरेल का? आयपॅडला कार्ड नाही, सॅमसंगला आहे.

इंटर्न_ड्युटीवर

सिमचे पंधरा हजार वाचवा. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला की झालं, मोबाइल कायम जवळच असतो.

१२८ पुरतात पण साफसफाई करावी लागते. पीडीएफ फारशा जागा खात नाहीत, लेक्चरचे डाउनलोड खातात. आणि ते अ‍ॅपच्या आतच राहतात, त्यामुळं सॅमसंगला कार्ड टाकलं तरी सगळी अ‍ॅप कार्डावर उतरवू देतीलच असं नाही. कार्डावर पुस्तकं आणि नोट्स ठेवायला मात्र छान. आणि एक कळकळीची विनंती, वही कुठल्याही अ‍ॅपमध्ये लिहू दे, महिन्यातून एकदा पीडीएफ काढून गूगल ड्राइव्हला टाकायला सांगा, तिथं १५ जीबी फुकट आहेत, आयक्लाउडला ५ च. माझ्या मैत्रिणीचा टॅब बसमध्ये राहिला, फार्माकोलॉजीच्या सगळ्या नोट्स त्यात, परीक्षा तीन आठवड्यांवर. ती दोन दिवस जेवली नाही.

डिस्प्ले_फोल्डर

आणि काका ते नोट्सचं पीडीएफ काढलं की प्रिंटला तुमच्याकडंच येणार, बघा 😀

झेरॉक्सवाले_काका

येऊ देत की! पण तिला आधीच सांगणार, काळ्या पानावर पांढऱ्या पेनानं लिहिलेलं प्रिंटला आणायचं नाही. पोरं रात्री डोळ्यांना बरं म्हणून डार्क मोड लावून लिहितात आणि सकाळी साठ पानं घेऊन येतात, माझं अर्धं टोनर पाठच्या काळ्या रंगात जातं. मागच्या आठवड्यात एकाला परत पाठवला, म्हणलं उलटं करून आण.

झेरॉक्सवाले_काका

दिवाळी झाली, कळवायचं राहिलं होतं.

पोरगी आली, तिला घेऊन शोरूमला गेलो, दादा पण आला, पट्टीचे पैसे खिशात. मी माझी स्टीलची पट्टी काढली तर तिनं हात धरला, म्हणली काका प्लीज. मग तिनंच दोन्हीवर बसून काढलं, हृदयाची आकृती, बारावीपासून पाठ आहे म्हणे. आयपॅडवर काढलं, सुबक आलं. मग सॅमसंगवर काढलं, आणि एओर्टा (हृदयातनं निघणारी मोठी धमनी) काढताना दाबलं तर जाड झाली आणि पुढं फांद्या सोडताना हात हलका केला तर बारीक होत गेल्या, आणि ती नुसती हसली. मी ७० टक्के ७५ टक्के सांगायला तोंड उघडलं होतं ते मिटलं.

एस१० एफई घेतला. सेलमध्ये थोडा कमीतच बसला. डब्यात केबल आहे, चार्जर नाही, त्यावरून दादा काउंटरवर दहा मिनिटं भांडला, एवढे पैसे घेऊन चार्जर देत नाही म्हणजे काय, बैल घेतला तर कासरा तरी देतात. शेवटी तिच्या मोबाइलचाच चार्जर चालतो असं कळलं. कोपऱ्याला रबरवालं कव्हर घेतलं, तिला अजिबात आवडलं नाही. ८० टक्क्यांची सेटिंग मी गाडीतच चालू केली.

बाहेर पडताना स्टेशनरीच्या दुकानातनं एच अँड ई पेन्सिलींचा डझन घेऊन ठेवला, दादा म्हणतो एवढा महागाचा टॅब घेतला आणि आता रंगाच्या पेन्सिली कशाला. तिलाच समजावून सांगायला लावलं.

बोरू_आणि_दौत

वह्या पण घेतल्या का?

झेरॉक्सवाले_काका

दोनशे पानी सहा. दुकानातल्याच दिल्या, सर.